दुसऱ्या चित्राची वाट

नारायणराव अवचारांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. खामगावच्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही शिबिर भरवलं होतं. पडद्यावर उपग्रहाने काढलेलं ढगांचं चित्र होतं आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, की आजवर आपण खालून वर बघून पावसाचा अंदाज करत आलो, आता वरून खाली बघायला शिका. मागच्या रांगेतून पांढऱ्या टोपीचा एक सडसडीत माणूस उठला. खालून बघणारा चुकला तर तो स्वतःच भिजतो, वरून बघणारा चुकला तर भिजायचं कोणी, असं त्याने विचारलं. सभागृह हसलं. मीही हसलो, पण आतून चांगलाच चिडलो होतो. तेहतीस वर्षं हवामानाच्या नोकरीत घालवलेल्या माणसाला असा प्रश्न भर सभेत झेपत नाही.

मी निवृत्त होऊन खामगावला आलो आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी तसं हे शिबिरांचं काम मागे लावून घेतलं. आमची संस्था म्हणजे पाच म्हातारे आणि एक प्रोजेक्टर. कल्पना मात्र पक्की होती. आमचा जिल्हा अक्षय तृतीयेला घट मांडून वर्षाचा पाऊस सांगणारा. त्याखेरीज गावोगावी एखादा जाणता असतोच. कोणी टिटवीने अंडी कुठे घातली ते बघतो, कोणी मुंग्यांची रांग बघतो, कोणाला सातपुडा जवळ दिसायला लागला की पाऊस कळतो. सरकारी पत्रक कोणी वाचत नाही, पण अशा माणसाने पारावर बसून सांगितलं की लोक पेरणी पुढे ढकलतात. मग हीच माणसं उपग्रहाच्या बाजूने उभी केली तर? त्यांना चित्रं वाचता यावीत एवढ्यावर माझं समाधान नव्हतं. त्यांनी ती हिरिरीने लोकांना सांगावीत असा माझा हट्ट होता. पुटपुटू नका, देवळाच्या भोंग्यावरून बोला, असं मी प्रत्येक शिबिरात सांगायचो.

नारायणराव आले होते संग्रामपूर तालुक्यातल्या बोरनाळहून. सातपुड्याच्या अगदी पायथ्याचं गाव, खालून भिंगी नदी वाहते. वाहते म्हणायचं एवढंच, एरवी गुडघाभर पाणी आणि मधे मधे डोह. नारायणराव तेव्हा पन्नाशीचे होते. बायको बारा वर्षांपूर्वी काविळीने गेली, मूल नव्हतं. घरात आई गोजरबाई, धाकटा भाऊ गजेंद्र आणि गजेंद्रची बायको कोकिळा. दोन्ही भावांची शेती एकत्र, चूल एक, बैलांच्या जोड्या मात्र दोन, एक याची आणि एक त्याची.

गावच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि त्याची नोंद बावीस वर्षं नारायणराव घेत होते. सकाळी साडेआठला, न चुकता. पाऊस नसला तर वहीत ‘नील’ लिहायचं, असला तर दशांशासकट आकडा. एका वर्षी भिंगीकाठची सोयाबीन पाण्याखाली गेली. पासष्ट मिलिमीटर झाला असता तर अतिवृष्टी धरून नुकसानभरपाई मिळणार होती आणि मापकात निघाला चौसष्ट पूर्णांक दोन. गाव पर्जन्यमापकाभोवती गोळा झालं. माजी सरपंच किसनराव म्हणाले, की एका चमचाभर पाण्याचा प्रश्न आहे, टाका आणि मोकळे व्हा. नारायणरावांनी चौसष्ट पूर्णांक दोनच लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या शेतातही पाणी होतं. त्या वर्षी गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याकडचा संक्रांतीचा तिळगूळ घेतला नाही. हा प्रसंग मला गजेंद्रने सांगितला, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. तो म्हणाला की आमचा दादा खोटं बोलायला गेला तर त्याला उचकी लागते.

तर शिबिरात भांडलेले हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावरही थांबले. मी वायरी गुंडाळत होतो. ते पडद्याजवळ गेले आणि त्यांनी सातपुड्याच्या रेघेवर बोट ठेवलं.

“साहेब, डोंगराच्या मांगं काय चालू हाय, ते दिसते काय याच्यात?”

दिसतं, मी म्हणालो. दर अर्ध्या तासाला नवं चित्र येतं, डोंगराच्या अल्याडचंही आणि पल्याडचंही. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या नदीला पूर येतो तो त्यांच्या पावसाने येत नाही. गावावर लख्ख ऊन असतं आणि पाऊस पडत असतो डोंगराच्या माथ्यापलीकडे, जिथे नदीचा उगम आहे. पाणी खाली उतरलं की एकदम येतं. टिटवीला ते कळत नाही आणि मुंग्यांनाही कळत नाही. त्यांचा मोठा चुलता असाच, उन्हात नदी ओलांडताना गेला होता.

त्या दिवसापासून हा माणूस उपग्रहाचा झाला. इतका झाला, की मला कधी कधी संकोच वाटे. त्यांचा फोन जुना होता, म्हणून गजेंद्रने स्वतःचा मोठ्या पडद्याचा फोन त्यांना दिला आणि त्यांचा डबा फोन आपण घेतला. गावात रेंज धड नसे. मारुतीच्या देवळाचा ओटा जरा उंच, तिथे ती मिळायची. नारायणराव रोज तिथे बसून चित्रं उघडायचे आणि जो येईल त्याला दाखवायचे. पांढरं म्हणजे उंच ढग, करडं म्हणजे बुटका, हा आपला डोंगर, ही तापी, इथे आपण. शेतात निंदायला निघालेल्या बायांना थांबवून दाखवायचे. दादा देवाकडे पाठ करून बसतो आणि फोनकडे तोंड, असं गजेंद्र चिडवायचा. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी दोनदा बरोबर सांगितलं. एकदा पिंपळगाव राजाच्या पाहुण्यांना नदी ओलांडू दिली नाही आणि तासाभरात पूर आला. मी त्यांचं उदाहरण प्रत्येक शिबिरात द्यायला लागलो. अमडापूरला दिलं, चिखलीला दिलं. मला वाटायचं, असे दहा नारायणराव मिळाले तर जिल्हा सुधारेल.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत घोटाळा झाला. एका सकाळी चित्रात अख्खा तालुका दुधासारखा पांढरा दिसला. नारायणराव उठले आणि त्यांनी भोंग्यावरून सांगितलं, की मोठा पाऊस येतो आहे, नदीकाठच्यांनी वर या. नदीकाठची चाळीस घरं हलली. धान्याच्या कोठ्या, शेळ्या, चूलभांडी, सगळं डोक्यावर घेऊन लोक शाळेत आले. एका तीन दिवसांच्या बाळंतिणीला खाटेवर घालून आणलं. आणि मग दिवसभर ऊन पडलं. तो ढग फार उंचावरचा आणि पातळ होता, बर्फाच्या कणांचा. तसला ढग थंड असतो म्हणून चित्रात पांढराशुभ्र दिसतो आणि त्यातून थेंब पडत नाही. हे मी शिबिरात शिकवलं होतं, पण दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर, निम्मी मंडळी डुलक्या घेत असताना. दुसऱ्या दिवशी साडेआठला नारायणरावांनी स्वतःच्या हाताने वहीत ‘नील’ लिहिलं.

गावाने त्यांची जी रेवडी उडवली ती विचारू नका. फवारणीच्या रिकाम्या पंपाला लोक ‘नारायणचा पाऊस’ म्हणायला लागले. ते रस्त्याने निघाले की ओट्यावरचा एखादा टवाळ तांब्यातलं पाणी त्यांच्यापुढे शिंपडायचा आणि पळा पळा म्हणायचा. बाळंतिणीच्या सासूने तर दारात येऊन शिव्या घातल्या. गजेंद्र एकदोघांच्या अंगावर धावून गेला. कोकिळाने सासूच्या तोंडून निरोप दिला, की दोन दिवस ओट्यावर जाऊ नका म्हणावं. थेट ती बोलत नसे. त्या घरात जुनी रीत होती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्याशी भावजय बोलत नाही. अठरा वर्षं ती त्या घरात होती, त्यांना दोन्ही वेळचं ताट वाढत होती, आणि जे सांगायचं ते गोजरबाईच्या मार्फत सांगत होती.

किसनरावांनी मला फोन केला. तुमचा माणूस गावाला वेठीस धरतो, तालुक्याला तक्रार करू का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांची समजूत घातली आणि मग नारायणरावांना फोन लावला. मी फार तापलो होतो. काय बोललो ते शब्दाशब्दाने आठवतं.

“नारायणराव, एक नेम करा. पहिलं चित्र बघून तोंड उघडायचं नाही. दुसरं येऊ द्या, ढग वाढतो का बघा, मगच बोला. आणखी एकदा चुकलात तर तुमच्याबरोबर आमचंही हसं होईल.”

“हाव साहेब,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणता तं तसंच.”

नेम शास्त्राला धरून होता. एका चित्रावरून ढगाचा स्वभाव कळत नाही हे कोणीही शिकलेला माणूस सांगेल. पण तो नेम देताना मला शास्त्र सुचलं नव्हतं, मला माझी अब्रू सुचली होती. डोंगरापलीकडे पडलेला पाऊस बोरनाळला पोचायला किती वेळ लागतो, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. त्यांना ते मिनिटावर ठाऊक होतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

पुढचं पोळ्याचं. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले, आज आवतन घ्या उद्या जेवायला या म्हणून झालं. पोळ्याच्या सकाळी सगळ्या गावाचे बैल भिंगीवर धुवायला नेतात. गुडघाभर पाण्यात बैल नीट धुतला जात नाही म्हणून डोहात नेतात, छातीइतक्या पाण्यात. त्या दिवशी नदीत चाळीसपंचेचाळीस माणसं आणि त्याच्या दुप्पट बैल असतील. ऊन पडलं होतं. मापकात ‘नील’ होतं. रात्रभर वीज नसल्यामुळे टॉवर बंद होता, फोनला रेंज नव्हती. नारायणराव रोजच्यासारखे ओट्यावर जाऊन बसले. त्यांची जोडी गजेंद्रनेच आपल्या जोडीबरोबर नेली. जाताना म्हणाला, की तू बस तुझ्या ढगांपाशी, चारही मी धुतो.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रेंज आली आणि पहिलं चित्र उघडलं. सातपुड्याच्या माथ्यावर, पलीकडच्या अंगाला, एक पांढरा गोळा होता. लहानसा, कडा ठसठशीत असलेला. नारायणरावांनी मला नंतर सांगितलं, की त्यांना तो बघताक्षणी कळला होता. जुलैतला ढग चादरीसारखा पसरट होता, हा तसा नव्हता. ते उठून भोंग्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. कडी काढली. मग त्यांना माझे शब्द आठवले आणि पाणी शिंपडणारे लोक आठवले. आज पोळा, वर्षाचा सण, आज गावाला नदीतून पळवायचं आणि ऊनच पडलं तर पुढे कोणी कधी ऐकणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते परत ओट्यावर येऊन बसले आणि दुसऱ्या चित्राची वाट बघायला लागले.

दुसरं चित्र साडेनऊच्या सुमाराला यायला हवं होतं. रेंज येत होती, जात होती. नुसतं चाक फिरत राहिलं. नारायणराव ओट्यावर उभे राहिले, हात उंच करून फोन धरला, देवळाच्या पायऱ्यांवर चढले. येणाऱ्या जाणाऱ्याने विचारलं की काय नाचता, तर काही नाही म्हणाले. नऊ पन्नासला चित्र आलं. गोळा तिपटीने वाढला होता. ते धावत आत गेले आणि भोंग्यावरून ओरडले, की नदीतून बाहेर निघा, पाणी येऊन राह्यलं, बैल सोडून द्या पण निघा.

लोक निघाले. हेही लिहिलं पाहिजे. कोणी हसलं नाही असं नाही, पण आवाजात काहीतरी होतं आणि बहुतेक जण निघाले. पाणी पोचायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली. माणसाला पळायला तेवढी पुरतात, भ्यालेली जनावरं डोहातून काढायला पुरत नाहीत. गजेंद्रने स्वतःची जोडी काढून काठावरच्या बाभळीला बांधली. मग तो दुसऱ्या जोडीसाठी परत आत गेला. ती नारायणरावांची होती. काठावरच्यांनी हाका मारल्या, त्याने हात वर करून आलोच म्हटलं. पाण्यात बैल बुजून सुटू नये म्हणून कासरा मनगटाला दोन वेढे देऊन धरायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यानेही तसाच धरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी चार कोसांवर बैल आणि तो एकाच दोरावर सापडले. त्याचं वय बेचाळीस होतं.

आता माझं ऐका. मी अहवाल लिहिला. तोही घाईने, चौथ्या दिवशी. उपग्रहाचं चित्र वाचून प्रशिक्षित ग्रामस्थाने वेळेवर इशारा दिला, त्रेचाळीस जण वाचले, एक दुर्दैवी मृत्यू. शब्द न शब्द खरा होता. तालुक्याहून नारायणरावांना मानपत्र जाहीर झालं. माझं संस्थेत अभिनंदन झालं. मी ते घेतलं, चहा प्यालो आणि घरी येऊन जेवलो. त्या दिवशी घास नीट गिळला होता हे खरं.

तेरवीला मी बोरनाळला गेलो. जेवणं उरकल्यावर नारायणरावांनी मला शाळेच्या आवारात नेलं आणि नऊ पाच ते नऊ पन्नास काय झालं ते सगळं सांगितलं. तोवर मला ते माहीत नव्हतं. मी खाली बघत उभा राहिलो. ते मला दोष देत नव्हते. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की कोकिळाला हे सांगावं की नाही. गावात कोणीतरी म्हणत होतं, की नारायण नऊपासून फोन घेऊन ओट्यावर होता, आणि ते तिच्या कानावर गेलं होतं.

मी सांगू नका म्हणालो. तिला दुसऱ्या चित्राची वेळ सांगा, ते खोटं नाही, दुसरं चित्र नऊ पन्नासलाच आलं. खरं कळून तिला आता काय मिळणार आहे? तिला अजून सगळा जन्म त्याच घरात काढायचा आहे. मी हे कळवळून बोललो आणि त्यातला अर्धा कळवळा माझ्यासाठी होता. पाऊण तासाची गोष्ट बाहेर आली तर तो नेम कोणी घालून दिला हेही बाहेर येणार होतं. मापकाच्या कुंपणाची एक तार सुटली होती, ती नारायणरावांनी पिळून नीट बसवली.

आम्ही घरी आलो तेव्हा पाहुणे पांगले होते. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. कोकिळा आतल्या दारात उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. नारायणराव ओसरीवर बसले. मला वाटलं ती नेहमीसारखं सासूला सांगेल आणि सासू विचारेल. ती थेट बोलली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

“पयलं चित्र कव्हा आलतं?”

गोजरबाईने मान वर केली. नारायणरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

“नऊ वाजून पाच मिंटाले,” ते म्हणाले.

“त्याच्यात दिसत होतं?”

“दिसत होतं.”

“मंग पाऊण घंटा काय केलं?”

“दुसऱ्या चित्राची वाट पाह्यली.”

ती आणखी काही विचारेल असं मला वाटलं. काऊन, म्हणजे का, एवढा एकच शब्द तिने विचारला असता तर त्यांना माझं नाव सांगावं लागलं असतं. तिने विचारलं नाही. पदर पुढे ओढून ती आत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी शेवटच्या बसने परत आलो. बसमध्ये माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटलो असा होता. हे लिहायची लाज वाटते, पण तो आला होता.

त्या दिवसापासून कोकिळाने त्यांना ताट वाढलं नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, वाटणी मागितली नाही. स्वतःचा स्वयंपाक करायची, जेवायची, चूल सारवून ठेवायची. मग पंच्याहत्तर वर्षांची गोजरबाई थरथरत्या हातांनी त्याच चुलीवर पुन्हा जाळ करून थोरल्या लेकासाठी दोन भाकरी थापायची. मी एकदा जेवायला होतो तेव्हा त्या भाकरी कच्च्या होत्या. नारायणरावांनी दोन्ही खाल्ल्या. त्यांनी घर सोडून शेतात झोपडी घालावी असं किसनरावांनी सुचवलं, तर ते म्हणाले की मग म्हातारीला भाकरी घेऊन शेतापर्यंत चालावं लागेल.

ओट्यावर जाणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. मला वाटलं होतं थांबवतील. पोळ्यानंतर त्या पावसाळ्यात त्यांनी पाच वेळा भोंगा लावला, पाचही वेळा पहिल्याच चित्रावर. मी दिलेला नेम त्यांनी मोडला आणि मला तसं फोन करून कळवलं, तक्रार म्हणून नव्हे, फक्त माहिती म्हणून. चार वेळा काही झालं नाही. चारही वेळा नदीकाठची घरं शेळ्या आणि खाटा घेऊन शाळेत आली, ऊन बघत बसली आणि संध्याकाळी परत गेली. कोणी हसलं नाही. पाचव्या वेळी पूर आला तेव्हा नदीत कोणी नव्हतं. किसनरावांनी मला फोन करून सांगितलं, की आता हा माणूस बोलला की आम्ही विचारत नाही. त्यांना वाटलं मला आनंद होईल.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा शिबिर घेतलं. तीस गावांतून माणसं आली होती आणि या वेळी काही बायाही होत्या. नारायणरावांनी बोलावं अशी संस्थेची फार इच्छा होती. त्यांच्याइतका उपग्रहासाठी झटणारा माणूस आमच्याकडे दुसरा नाही, असं पत्रिकेत छापलं होतं. ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती, खरं तर आशा होती. ते आले. इस्त्रीचा सदरा घातला होता, तो त्यांना सैल होत होता.

ते दहा मिनिटं बोलले. चित्र कसं बघायचं, पसरट ढग आणि गोळ्याचा ढग यांतला फरक, डोंगरापलीकडच्या पावसाला आपापल्या गावी पोचायला किती वेळ लागतो तो प्रत्येकाने आधी मोजून ठेवावा, हे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. मग पोळ्याचं सांगितलं. वेळांसकट सांगितलं, नऊ पाच, नऊ पन्नास, दहा पाच. शेवटी ते म्हणाले, “आता माह्या गावात लोक माह्यं आयकतात. तुम्ही आपल्या गावाले पयल्या चित्रावर सांगा. चुकलं तं हासतीन, हासू द्या. लोकाइचा इश्वास बसाले आमच्या घरचा माणूस गेला, तुमच्या घरचा जाऊ देऊ नका.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. तेवढ्यात अमडापूरहून आलेली राखी नावाची मुलगी उभी राहिली. हुशार होती, दोन दिवस नेमके प्रश्न विचारत होती. तिने विचारलं, “काका, तुम्हाले ढग ओळखू आला होता, तं मंग थांबले काऊन? थांबाले कोनं सांगतलं होतं काय?”

दुसरा माइक माझ्या हातात होता. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. नारायणरावांनी माझ्याकडे मान वळवली नाही. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि त्यांना एक उचकी लागली.

“नाही बाई,” ते म्हणाले. “माह्याच मनानं थांबलो.”

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सूत्रसंचालन मी करत होतो. मी घड्याळ बघितलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.